एक टिंब राहिलं: आमच्या गाळ्यात सीएनसी आलं त्याचा हिशेब

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये बाबांचा टर्निंगचा, म्हणजे लेथवर धातू फिरवून कापायचा गाळा आहे. सुरुवातीला तीन लेथ, एक ड्रिल, एक पॉवर हॅकसॉ आणि भिंतीवर तेलाच्या बोटांचे ठसे उमटलेलं कॅलेंडर. बाबांचा गुडघा बदलल्यावर, म्हणजे २०२१ पासून, गाळा मी बघते. शिक्षण माझं बी.कॉम., त्यामुळे बिलं, जीएसटी आणि उधारी माझ्याकडे, आणि लोखंडातलं जे काही ते काकांकडे. काका म्हणजे आमचे टर्नर. मी शाळेत असल्यापासून ते गाळ्यात आहेत. मला ते ताई म्हणतात आणि चुकलं की पोरी म्हणतात.

२०२५ मध्ये आम्ही पहिलं सीएनसी लेथ, म्हणजे संगणकाच्या आज्ञांवर चालणारं लेथ, घेतलं. घेण्याआधी नेटवर पुष्कळ शोधलं. मशीनचे व्हिडिओ ढिगाने सापडले. कर्जाची फाइल कुठे अडकते, विजेचं काय करायचं, तीस-पस्तीस वर्षं हँडल फिरवलेला माणूस बटणांसमोर उभा राहिला की काय होतं, हे मात्र कुणी लिहिलेलं दिसलं नाही. म्हणून जसं घडलं तसं लिहून ठेवते. आकडे आमचे आहेत, तुमचे थोडे इकडेतिकडे होतील.

सुरुवात जुलै २०२४ ची. आमच्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाइकाच्या परचेसमधून बोलावणं आलं. त्यांना आम्ही पंपाचे ब्रॉन्झचे बुश, म्हणजे आतून भोक असलेल्या नळ्या, देतो. भोक २५ एच७, म्हणजे २५.००० पेक्षा कमी नको आणि २५.०२१ पेक्षा जास्त नको. एकवीस मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या एकवीस हजारांशांची जागा. डोक्याचा केस याच्या तिप्पट जाड असतो. काका ते हाताने सांभाळत होते, दिवसाला चाळीस नग. आता त्यांना महिन्याला बाराशे हवे होते आणि प्रत्येक लॉटबरोबर मापांचा कागद. “तुमच्या कामाबद्दल तक्रार नाही, पण चाळिसाव्या नगाचं माप पहिल्यासारखंच येईल याची खात्री तुम्ही कशी देणार?” असं त्यांनी विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. काकांकडे होतं, पण ते कागदावर लिहिता येण्यासारखं नव्हतं.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ओळखीने रबाळ्याला एका शॉपमध्ये मशीन चालताना पाहायला गेलो, मी आणि काका. विशीतला एक मुलगा तीन मशीनं सांभाळत होता. जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, लावायचा, दार ओढायचं, हिरवं बटण दाबायचं, की पुढच्या मशीनकडे. काका अर्धा तास काचेतून आत बघत होते. परत येताना ठाणे-बेलापूर रोडवर रिक्षात एवढंच म्हणाले, “त्याने एकदाही कान लावला नाही.” लेथवर टूल बोथट झालं की आधी आवाज बदलतो, मग फिनिश जातं. काका आवाजावर थांबतात. हे वाक्य मी तेव्हा सोडून दिलं होतं.

आता कागद.

पहिलं पाऊल उद्यम, म्हणजे लघु उद्योगांची सरकारी नोंदणी. बाबांकडे जुनं उद्योग आधार होतं. १ जुलै २०२० पासून त्याच्या जागी उद्यम आलं आणि बँक तेच मागते. नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते. शोधायला गेलात की सरकारी वाटाव्यात अशा दहा साइट येतात आणि दोन-तीन हजार मागतात, त्यांच्या नादी लागू नका. काम वीस मिनिटांचं आहे, मला अठरा दिवस लागले. कारण ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवर जातो आणि बाबांचा तो नंबर सहा वर्षांपूर्वी बंद झालेला. आधार केंद्रात ५० रुपये भरून नंबर बदलला, अद्ययावत होईपर्यंत थांबले, मग नोंदणी झाली. तुम्ही काही ठरवलं नसलं तरी घरातल्या मोठ्यांच्या आधारचा नंबर आजच तपासा.

बँक. पहिल्या बँकेने पाच आठवडे फाइल ठेवून घेतली आणि एका दुपारी फोनवर सांगितलं की गाळा तारण दिलात तर बघू. लेखी काही नाही. खरं तर तारणाशिवाय कर्ज मिळावं म्हणूनच सीजीटीएमएसई ही हमी योजना आहे. केंद्र सरकार आणि सिडबी या लघु उद्योगांच्या बँकेने २००० साली सुरू केलेली. आम्ही अर्ज केला तेव्हा तिची मर्यादा ५ कोटी होती, १ एप्रिल २०२५ पासून १० कोटी झाली. आमची मागणी १५ लाखांच्या आतली. मॅनेजरसाहेबांना योजना माहीत नव्हती असं नाही, त्यांना त्या वाटेने जायचं नव्हतं. यात भांडून उपयोग नाही, दुसरी शाखा गाठावी. मी पाच आठवडे उगीच आशेवर काढले.

आणखी एक गैरसमज माझा होता, तो सांगते. हमी म्हणजे हप्ते थकले तर सरकार आपले पैसे भरेल आणि आपण सुटू, असं नाही. हमी बँकेला असते. आपलं देणं आपल्याच डोक्यावर राहतं, वर त्या हमीची वार्षिक फी आपणच भरतो. आमची पहिल्या वर्षीची साधारण आठ हजार झाली.

दसरा झाल्यावर, १४ ऑक्टोबरला, दुसऱ्या बँकेत फाइल दिली. तीन वर्षांची रिटर्न आणि ताळेबंद, बारा महिन्यांचं स्टेटमेंट, जीएसटीची ३बी रिटर्न, गाळ्याचे कागद, सोसायटीची एनओसी, तीन कोटेशनं, प्रोजेक्ट रिपोर्ट. रिपोर्ट सीएकडून करून घेतला, पण आतले आकडे स्वतः बसवले, आणि तेच कामी आलं. मुलाखतीत अधिकाऱ्याने एकच प्रश्न नेमका विचारला, “एका बुशला मशीनवर किती वेळ?” मी दोन मिनिटं चाळीस सेकंद सांगितलं, काकांनी शेजारून “जॉब लावणं-काढणं धरून साडेतीन” अशी दुरुस्ती केली. अधिकारी हसले आणि त्यांनी साडेतीन लिहिलं.

मग बाबांच्या सिबिलमध्ये, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीत, १,१४० रुपयांची एक थकबाकी निघाली, २०१७ साली बंद केलेल्या क्रेडिट कार्डाची. ती भरून नाहरकत पत्र मिळवण्यात बारा दिवस गेले. दरम्यान दिवाळी, त्यामागे २० नोव्हेंबरची विधानसभा निवडणूक. बँकेतली निम्मी माणसं ड्यूटीवर. बाबांचं वय सदुसष्ट म्हणून मला सहकर्जदार व्हावं लागलं. मंजुरीचं पत्र ९ डिसेंबरला हातात आलं. पेढे आणायला निघाले होते, आईने आधी पत्र वाचायला बसवलं. बरं झालं. त्यात आयुर्विम्याची एक पॉलिसी घातली होती, जी मी मागितली नव्हती. मशीनचा विमा घ्यावाच लागतो, पण ही पॉलिसी कर्जाची अट आहे असं लिहून द्या म्हटल्यावर ती गायब झाली.

पैशाचं गणित इथे मांडते, कारण मी स्वतः इथेच फसले. मशीनची किंमत १९ लाख ४० हजार, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे जवळजवळ साडेतीन लाख. मला वाटलं होतं पंचाहत्तर टक्के बँक देणार म्हणजे एकूण बिलाच्या पंचाहत्तर. बँकेने जीएसटी सोडून मूळ किमतीवर धरलं, कारण तो कर आपल्याला क्रेडिटमध्ये परत मिळतो. बरोबर आहे, पण मिळतो तो आपल्या दर महिन्याच्या करातून थोडा थोडा वळता होऊन. आम्हाला सात महिने लागले. तोवर ते साडेतीन लाख खिशातून घालायचे. त्या करावर घसाराही लावला तर क्रेडिट मिळत नाही, दोन्हीपैकी एकच, हे सीएला आठवण करून सांगा. कर्ज १४ लाख ५५ हजारांचं झालं, साडेदहाच्या थोडं खाली व्याज, पाच वर्षं, हप्ता ३१ हजारांच्या आसपास.

मशीनच्या भोवतीचा खर्च कोटेशनमध्ये नसतो. सर्व्हो स्टॅबिलायझर ६२ हजार, कॉम्प्रेसर ३८, टूल होल्डर-इन्सर्ट (कापणारी टोकं)-बोअरिंग बार दीड लाखाला पाच हजार कमी, केबल-पॅनल-अर्थिंग ५४, विजेचा भार वाढवणं २७, हायड्रा क्रेन आणि माणसं ११. हे झाले ३ लाख ३७ हजार. बाबांची एफडी मोडली. आईने तिच्या पाटल्या स्वतःहून काढून दिल्या, त्यावर मी अजून काही बोललेले नाही.

विजेबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण आमच्या गाळ्यात कोण राहील आणि कोण जाईल हे विजेने ठरवलं.

आमचा मंजूर भार १० किलोवॅट होता. नवीन मशीनला १२. दोन लेथचे ४.४, कॉम्प्रेसर दीड, ड्रिल-हॅकसॉ-दिवे-पंखे मिळून १.४. बेरीज १९.३. तिसरं लेथ धरलं की २१.५. आणि लघुदाब औद्योगिक दरात २० किलोवॅटवर रेघ आहे. रेघेच्या आत स्थिर आकार जोडणीमागे असतो. रेघ ओलांडली की तो विजेच्या मागणीच्या मापावर (केव्हीए) लागतो, मशीन चालो न चालो, आणि मीटरही वेगळा बसतो. वायरमनने पाकिटाच्या मागे बेरीज करून दाखवली आणि म्हणाला, “मॅडम, ते कोपऱ्यातलं लेथ काढा, सगळं आत बसतं.”

कोपऱ्यातलं लेथ आमच्या दुसऱ्या टर्नरचं होतं. नगावर काम करायचा, चौतीस वर्षांचा, दोन मुली. बुशच्या रफिंगचं, म्हणजे जाड माल आधी काढायचं, काम त्याच्याकडे असायचं, आणि तेच काम मशीनवर जाणार होतं. मी त्याला म्हटलं, रिपेरिंगची फुटकळ कामं आहेत, काकांच्या लेथवर आळीपाळीने कर. तो हो म्हणाला. मान खाली घालून बार कापत होता, कापतच राहिला. जानेवारीत ते लेथ ९५ हजारांना गेलं. ज्या ठिकाणी ते होतं तिथे चार बोल्टची भोकं आणि तेलाने काळी पडलेली चौकट अजून आहे.

वीज कंपनीकडे अर्ज १६ डिसेंबरला केला, ऑनलाइन. लायसन्सवाल्या ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो, तो आधी तयार ठेवा. मग पाहणी, मग कोटेशन, मग पैसे भरणं, मग केबल. काम ३ मार्चला झालं. तोवर मशीन येऊन पडलं होतं.

मशीन आलं २० फेब्रुवारीच्या रात्री. साडेतीन टनांच्या वर वजन. ट्रक तीन हात नाक्यावरून आत शिरायला अकरा वाजले. शटरची उंची मी मोजली होती, रुंदी मोजली होती, रस्त्यातला उतार मोजला होता. सोसायटीच्या पाण्याचा पाइप शटरच्या वर अडीच फूट पुढे आलाय, तो मात्र मोजला नव्हता. हायड्राचा बूम त्याच्याखालून जाईना. मग बाहेरच मशीन उतरवलं आणि खाली लोखंडी पाइपचे रोलर घालून पहारीने इंच इंच ढकललं. त्या रात्री हुकूम काकांचा चालला. “डावीकडून उचल, अर्धा सूत. बस.” हायड्रावाला पोरगा त्यांच्याकडे बघत राहिला. पहाटे तीनला मशीन जागेवर होतं. तुम्ही मोजायला जाल तेव्हा वरही बघा.

वीज आली तरी मशीन सुरू झालं नाही. कंपनीच्या इंजिनिअरने न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज मोजला, सहा आला. दोनच्या वर मी चालू करणार नाही, कार्ड जाईल, असं म्हणून बॅग भरली. नवा अर्थिंगचा खड्डा घ्यावा लागला, आठ दिवस गेले. चिडले होते, पण ड्राइव्हचं कार्ड काय किमतीला येतं ते नंतर कळल्यावर राग उतरला.

शिकवणी तीन दिवसांची होती, १७ ते १९ मार्च. इंजिनिअर हुशार, हिंदीत भरधाव बोलणारा. पहिल्या दिवशी काका काहीच बोलले नाहीत. संध्याकाळी मला म्हणाले, मान दुखतेय. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की स्क्रीन डोळ्यासमोर आहे आणि काकांचा चष्मा दोन नंबरांचा. जवळचं वाचायला त्यांना मान मागे टाकावी लागत होती. अठराशे रुपयांत स्क्रीनच्या अंतराचा वेगळा चष्मा केला. माणूस शिकत नाही असं वाटलं तर आधी त्याचा चष्मा बघा.

तिसऱ्या दिवशी काकांनी मुलाच्या दप्तरातली शंभर पानी वही आणली. त्यात त्यांनी कोड उतरवले आणि समोर आपले शब्द लिहिले. जी०० समोर ‘धाव’. जी०१ समोर ‘काप’. जी२८ ‘घर’. जी७१, जो जाड माल थरथराने काढतो, त्याच्यासमोर ‘सोलणं’. जी७०, फिनिशिंगचा, ‘शेवटचा हात’. जी७६ समोर ‘आटे’, आणि खाली बारीक अक्षरात ‘गिअर बदलायचे नाहीत!’ चेंज गिअर काढ-घाल करण्यात त्यांच्या आयुष्याचे किती तास गेले असतील. ते उद्गारचिन्ह मी बराच वेळ बघत होते.

एकदा चहा पिताना त्यांनी विचारलं, हे काढलं कोणी. मी वाचलेलं सांगितलं. अमेरिकेत पार्सन्स नावाचा एक कारखानदार हेलिकॉप्टरच्या पात्यांच्या मागे लागला होता, त्यांचा वळणदार आकार हाताने बरोबर येईना. त्यातून एमआयटीमध्ये १९५२ साली छिद्रांच्या पट्टीवर चालणारं मिलिंग मशीन लोकांना दाखवलं. काकांनी मनात हिशेब केला. “म्हणजे मी आयटीआयला गेलो तेव्हा हे होतंच की. आम्हाला कुणी दाखवलं नाही.”

३० मार्चला पाडवा, मशीनला हार घातला, नारळ फोडला आणि दुसऱ्या दिवशी बुश लावले. पहिल्या बुशचं भोक २४.९८ आलं. तीन शतांश वाढवायचं म्हणून ऑफसेटमध्ये, म्हणजे मापाच्या दुरुस्तीच्या रकान्यात, ०.०३ घालायला हवं होतं. काकांनी ०.०१५ घातलं आणि दुसरा बुश २४.९९५ आला. ते चुकले नव्हते, त्यांचा हात बरोबर होता. त्यांच्या लेथवर क्रॉस स्लाइड (टूल आडवं सरकवणारा भाग) जेवढी सरकते त्याच्या दुप्पट व्यासात फरक पडतो, म्हणून ते आयुष्यभर निम्मं घेत आले. इथे मशीन व्यासातच बोलतं. वहीत नोंद झाली: ‘निम्मं करू नये. तो करतो.’

काकांची चूक पंधरा मायक्रॉनची होती. माझी ११ एप्रिलची.

तोवर मला वाटायला लागलं होतं की मला प्रोग्राम येतो. सायकल टाइम वाचवायला एक ओळ मी बदलली. कापून झाल्यावर टूल मागे, एक्स ४२ वर, म्हणजे मध्यापासून बाहेर ४२ व्यासावर, न्यायचं होतं. मी ‘एक्स ४२’ टाइप केलं. ‘४२.’ नाही. टिंब राहिलं. आमच्या कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये टिंबाशिवायचा आकडा मिलिमीटरमध्ये नाही, मायक्रॉनमध्ये वाचला जातो. (काही मशीनवर पॅरामीटर वेगळा असतो, तो विचारून घ्या.) म्हणजे मी मशीनला सांगितलं होतं, बाहेर ये असं नाही, तर जॉबच्या पार मध्यापर्यंत जा. आणि जी०० मध्ये. धाव. आदल्या प्रोग्रामचे तीन नग बरोबर आले होते म्हणून रिकामी फेरी मारून बघितली नाही.

आवाज तोफेसारखा वगैरे नव्हता. एक दबका ठोका, लगेच काहीतरी खरवडल्यासारखं. मी मान वर करेपर्यंत मशीन थांबलेलं होतं, कारण काकांचा तळवा लाल बटणावर होता. ते मशीनला पाठ करून नग मोजत होते. वळले कधी, दाबलं कधी, त्यांनाही सांगता आलं नाही. इन्सर्टचे तुकडे, होल्डर वाकलेला, बुश जबड्यातून सुटून दाराच्या काचेवर, टरेट (टूलं धरणारी चकती) किंचित सरकलेला. क्रॅश वॉरंटीत येत नाही. इंजिनिअरची फेरी साडेआठ हजार, होल्डर चार हजार दोनशे, आणि अडीच दिवस मशीन बंद.

मी रडले, हे लिहायला हरकत नाही. काकांनी पाणी दिलं आणि म्हणाले, “पोरी, लेथवर चूक करायला वेळ लागतो. हँडल फिरता फिरता हाताला कळतं. इथं चूक आधीच लिहून ठेवलेली असते, आपण फक्त बटण दाबतो.”

त्या दिवसापासून आमच्याकडे एक पद्धत आहे. प्रोग्राममध्ये एक अक्षर जरी बदललं तरी जॉब न लावता एक फेरी, मग सिंगल ब्लॉकवर ओळ ओळ, रॅपिड, म्हणजे धावेचा वेग, पंचवीस टक्क्यांवर, हात नॉबवर. आणि टाइप केलेली ओळ दुसऱ्याने मोठ्याने वाचायची. काका वाचतात तेव्हा टिंब ‘टिंब’ म्हणून उच्चारतात: बेचाळीस टिंब.

त्यांच्या कानाचीही गोष्ट इथेच येते. मे महिन्यात ते म्हणाले, सकाळचे पहिले आठ-दहा नग वेगळे येतात, आणि मशीनचा आवाजही वेगळा असतो. मी माप लिहून बघितलं. खरंच, भोकात सहा-सात मायक्रॉनचा फरक होता. स्पिंडल (जॉब फिरवणारा दांडा) तापेपर्यंत माप सरकतं. इंजिनिअरला फोन केला तर तो म्हणाला, हो, सकाळी वीस मिनिटं रिकामं फिरवा, सांगायचं राहिलं. आता काका आले की आधी ते सुरू करतात, मग कपडे बदलतात. रबाळ्याच्या मुलाने कान लावला नव्हता, काका बंद दारातूनही लावतात.

बाकी छोट्या गोष्टी. कापताना गारवा देणाऱ्या कूलंटमध्ये तेल-पाण्याचं प्रमाण आठवड्यातून एकदा तपासा, नाहीतर सोमवारी सकाळी शटर उघडल्यावर नाक सांगेलच. ब्रॉन्झची बर, म्हणजे कापताना पडणारा चुरा, स्टीलच्या बरीत मिसळू देऊ नका, भंगारवाला दोन्हीला लोखंडाचा भाव लावतो. मापांची साधनं कॅलिब्रेट करून आणा, गिऱ्हाइकाचा माणूस पहिल्यांदा तोच कागद मागतो. आणि बिलावर उद्यम क्रमांक छापा. सूक्ष्म-लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असेल तर ४५ दिवसांच्या आत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. थकवले तर २०२४ पासून आयकराच्या नियमाने घेणाऱ्याला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजा मिळत नाही. आमचे पैसे सत्तर दिवसांनी यायचे. क्रमांक छापल्यावर साठ झाले. तेवढंच.

पहिला पूर्ण हप्ता जूनमध्ये गेला. एप्रिल-मेमध्ये शंभरातले नऊ नग वाया जात होते, आता दोन. पाळीला १३० च्या आसपास बुश होतात. रिझर्व्ह बँकेचा रेपो दर २०२५ मध्ये फेब्रुवारीपासून जूनपर्यंत एकूण एक टक्का उतरला आणि आमचं कर्ज रेपोला जोडलेलं आहे, म्हणून तिमाही बदलात व्याज खाली आलं. हप्ता मात्र तोच राहिला, मुदत कमी झाली. हप्ता कमी करून हवा असेल तर बँकेत जाऊन विचारावं लागतं. हातात फार काही उरतं असं नाही. काकांचा पगार चार हजारांनी वाढवला. त्यांनी त्यातून आणखी एक वही आणली असं त्यांची बायको सांगत होती.

दुसरा टर्नर मेच्या अखेरीस गेला. फुटकळ कामावर त्याचं भागेना. मी त्याला काढलं नाही, हे वाक्य मी स्वतःशी बऱ्याचदा म्हटलंय. शिकवणीला मी एकालाच बसवलं, कारण मशीन एक होतं आणि दुसरा तेव्हा रफिंगचे शेवटचे लॉट काढत होता. त्याला बसवलं असतं तर काय झालं असतं, माहीत नाही. तो भिवंडीला एका गोदामात लागला. हातात स्कॅनर घेऊन दिवसभर पार्सलं मारतो. किती झाली ते यंत्रच मोजतं.

ऑगस्टच्या शेवटी त्याचा फोन आला. सुट्टीच्या दिवशी येऊन मशीन शिकलो तर चालेल का? मी ये म्हटलं. ७ आणि १४ सप्टेंबरच्या रविवारी आला. काकांनी त्याला घर, धाव, काप इथपर्यंत आणलं. ऑफसेट घालताना निम्मं करायला लागला तेव्हा दोघं हसत सुटले. २१ तारखेला यायचा होता. सेलचा हंगाम सुरू होणार म्हणून गोदामात रविवारच्या सुट्ट्या रद्द झाल्या होत्या, असा मेसेज आला. मग दिवाळी झाली.

काकांनी त्याच्यासाठी वहीची झेरॉक्स काढून आणली होती, चौसष्ट पानं, स्टेपल करून. ती माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.